शंभरावा चेहरा

एका राज्यात एक नदी होती आणि नदीला दोन काठ होते. अलीकडे राजाचे नगर. पलीकडे पाणकाठ, पाणकाठामागे माळ, माळामागे डोंगर. सगळीकडे माणसे होती, माणसांना नावे होती, आणि नावे फार होती. राजा म्हातारा होता. दरबारात कोणी आले की त्याला विचारावे लागे, तू कोण, कुणाचा, कुठून आलास. विचारून विचारून राजा थकला.

तेव्हा काजळनाथ नावाचा जादूगार दरबारात आला. त्याची सावली जमिनीवर नव्हती. ती त्याने उपरण्यासारखी घडी करून खांद्यावर टाकली होती.

"महाराज," तो म्हणाला, "एवढी नावं कशाला? एका वस्तीला एक शब्द पुरे. पाणकाठचे चोरच. माळावरचे मंदच. डोंगरचे रागीटच. पुन्हा विचारावं लागणार नाही."

"आणि तुला काय हवं?"

"तुम्ही ज्यांच्याकडे बघणं सोडाल, त्यांचे चेहरे माझे."

राजाला हे सोयीचे वाटले. त्याने मान डोलावली.

काजळनाथाने आपल्या दाताखालून 'च' हे अक्षर काढले. ते तिळाएवढे आणि काळे होते. ते त्याने एका साळुंकीच्या जिभेवर ठेवले आणि साळुंकीचा पिंजरा शाळेच्या दारात टांगला. रोज सकाळी साळुंकी ती तीन वाक्ये म्हणे. मुले तिच्यामागून म्हणत.

पहिल्या वर्षी नदीपलीकडच्या लोकांच्या भुवया गेल्या. दुसऱ्या वर्षी नाके गेली. तिसऱ्या वर्षी कित्येकांचे काही उरले नाही. ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीसारखे चेहरे. आया आपली मुले चाचपून ओळखू लागल्या. चेहरा गेलेला माणूस काही दिवस घरात वावरे. मग एखाद्या भर दुपारी उठे आणि डोंगराकडे चालू लागे. मागून कोणी हाक मारली तर वळत नसे.

नगरात याचे कोणाला काही वाटले नाही. "ते लोक सगळे सारखे दिसतात," एवढे मुले म्हणत आणि खेळायला जात.

त्या शाळेत सगुणा नावाची बाई शिकवत असे. तिला आईबाप नव्हते. एक धाकटा भाऊ होता, हैबती. तो शाळेच्या दुसऱ्याच दिवशी वर्गातून पळाला होता तो पुन्हा गेला नव्हता. घाटावर ओझी वाही, चटकन भडके, आणि सगुणाच्या, म्हणजे त्याच्या अक्काच्या, हातचे जेवून झोपे.

सगुणाच्या वर्गात पाणकाठची एक मुलगी येई, भागू. तिच्या भुवया फिकट झाल्या होत्या, पण बाकी चेहरा शाबूत होता, कारण सगुणा रोज तिच्याकडे बघून तिची हजेरी घेई.

एके दिवशी सोनबाचा भोवरा हरवला.

"बाई, भागूनं घेतला! पाणकाठचे चोरच!"

भागूची एक नाकपुडी पुसट झाली. सगुणाने खडू खाली ठेवला.

"सोनबा, कोणी घेतला?"

"भागूनं."

"कधी?"

"मघाशी. म्हणजे, सकाळी. म्हणजे, हरवला तेव्हा."

"तू पाहिलंस?"

सोनबाने डोके खाजवले. "पाहिलं नाही बाई. पण सगळे म्हणतात."

"सगळ्यांनी पाहिलं?"

मग मागच्या रांगेतली ठकी उभी राहिली. "बाई, मी पाहिलं. त्याच्या टोपीला टेंगूळ आलंय."

सोनबाने टोपी काढली. घडीतून भोवरा टण्णकन खाली पडला आणि थेट बाईंच्या पायापर्यंत फिरत गेला. पोरे पोट धरून हसली.

"मला भोवरा फिरवताही येत नाही," भागू म्हणाली. "मी घेऊन काय करू?"

"बस, शिकवतो," सोनबा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

तेव्हा सगळ्यांच्या देखत भागूच्या भुवया काळ्याभोर झाल्या.

दुसऱ्या दिवशी साळुंकीने पहिले वाक्य म्हटले, आणि मुलांनी ते तिच्यामागून म्हटले नाही. चाळीस मुलांनी तिला विचारले, "कोण? कधी? तू पाहिलंस?" साळुंकीने चोच मिटून घेतली. डोंगरातल्या गुहेत काजळनाथाच्या खांद्यावरची सावली घसरून पडली.

पण नगरात बोभाटा झाला. घाटावर हमाल हैबतीला म्हणाले, "काय रे, तुझी अक्का पाणकाठच्या पोरीचं नाक पुसते म्हणे! उद्या तुझ्या घरात चूल कोण पेटवणार, पाणकाठचा नावाडी का?"

हैबती तणतणत घरी आला. अक्काने नेहमीसारखा दूधभात वाढला होता. त्याने ताटाला लाथ मारली.

"लोक माझ्या तोंडावर हसतात! तुला घरच्यापेक्षा बाहेरचे प्यारे. तू पहिल्यापासून असलीच आहेस!"

शाळेच्या दारातली साळुंकी किंचाळली. ती किंकाळी नगरभर ऐकू आली.

अक्का उत्तर द्यायला वळली, तेव्हा तिला तोंड नव्हते. हैबती बघत राहिला. नाक गेले, डोळे गेले. अक्काने ताट सरळ केले, सांडलेला भात फडक्याने चाचपून टिपून घेतला, पदर नीट केला आणि दाराबाहेर पडली. डोंगराच्या दिशेने.

हैबती मागे धावला, पण बिनचेहऱ्याची माणसे पाण्यावरून चालत जात आणि नदी चेहरा असलेल्या माणसाला तसे जाऊ देत नसे. तेव्हा तो शाळेत गेला आणि त्याने साळुंकीची मान धरली.

"अक्का कुठं गेली?"

"मान सोड, मग सांगते." साळुंकीने श्वास घेतला. "काजळनाथाच्या गुहेत. तिथं एका पेटीत सगळ्यांचे चेहरे आहेत. बाहेरच्या माणसाला लावलेला 'च' तीन वर्षांत लागतो. घरच्या माणसाला लावलेला एका क्षणात लागतो."

"मी तिला आणतो."

"तीन कामं आहेत. नदी ओलांडायची, माळ ओलांडायचा, आणि तिला ओळखायचं. वाटेत ते अक्षर कोणाला लावलंस, तर तुझंही काही ना काही जाईल. मला बरोबर घे. माझी जीभ तीन वर्षं जळते आहे."

हैबतीने भाकरीचे बोचके काखेत मारले आणि पिंजरा खांद्यावर टाकला.

नदीकाठी पाणकाठचा नावाडी बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर फक्त ओठ उरले होते.

"बोचकं माझ्याकडे दे," ओठ म्हणाले. "मधोमध भोवरा आहे. दोन्ही हातांनी नावेचा काठ धरावा लागेल."

"देतो बरा! तुम्ही चोरच!"

हैबतीची उजवी भुवई गळून पाण्यात पडली. खालून एक मासा आला आणि ती घेऊन गेला. नावाडी तसाच हात पुढे करून थांबला. हैबतीने बोचके दिले. भोवऱ्यात नाव तीनदा गरगरली, आणि पाण्यातून खूप हातांनी तिचा तळ वाजवला. हैबतीने डोळे मिटून काठ धरून ठेवला. पलीकडे उतरल्यावर नावाड्याने बोचके परत दिले. आत त्याची भाकरी होती, आणि वर दोन केळी.

"ही कुणाची?"

"तू उपाशी दिसलास," ओठ म्हणाले.

मग माळ लागला. माळावर गवत होते आणि वारा नसताना ते हलत होते. एक म्हातारी जमिनीला डोळा लावून बसली होती. तिला एक डोळा आणि तोंड एवढे शिल्लक होते. हैबतीने वाट विचारली. म्हातारी बोलेना. त्याने पुन्हा विचारले. म्हातारी बोलेना. त्याच्या जिभेवर तो शब्द आला, माळावरच्यांसाठीचा. त्याने जीभ चावली. रक्त आले. मग तो तिच्याशेजारी बसला.

"आजी, काय बघताय?"

"मुंग्या," म्हातारी सावकाश म्हणाली. "जिथं त्या वळसा घेतात तिथं जमीन पोकळ आहे. मध्ये बोललं की रांग चुकते. तुझ्याआधी तिघं घाईनं गेले. कान लाव."

हैबतीने जमिनीला कान लावला. खालून तिघे जण हळू आवाजात एकमेकांना वाट विचारत होते.

तो उरलेला दिवस म्हातारीपाशी बसून राहिला. संध्याकाळी मुंग्यांची रांग पूर्ण झाली, आणि तिच्या कडेकडेने तो माळ ओलांडून गेला.

डोंगराच्या पोटात गुहा होती. गुहेत काळ्या घोंगड्या पांघरलेल्या शंभर आकृत्या रांगेने उभ्या होत्या. सगळ्यांची उंची सारखी. सगळ्यांची बोटे खडूने पांढरी. समोर पेटी होती आणि पेटीवर काजळनाथ बसला होता. पेटीतून कुजबुज येत होती.

"यात तुझी बहीण आहे," तो म्हणाला. "एकदा बोट दाखव. बरोबर आलं तर घेऊन जा. चुकलं तर एकशे एकावा तू."

हैबतीने रांगेवरून नजर फिरवली. अक्का किंचित वाकून उभी राहते, त्याला आठवले. सगळ्या आकृत्या किंचित वाकल्या. अक्का पदराशी चाळा करते. शंभर हात घोंगडीच्या टोकाशी गेले. त्याला जे जे आठवे, ते ते सगळे करत. त्याचे बोट वर आले. तो आयुष्यभर असे बोट दाखवत आला होता. त्याने ते खाली घेतले आणि पहिल्या आकृतीसमोर जाऊन विचारले, "तुम्ही कोण?"

काजळनाथ उठला. "विचारायचं ठरलं नव्हतं."

"विचारायचं नाही, असंही ठरलं नव्हतं."

घोंगडीतून खरखरीत आवाज आला. "मी रायाप्पा, डोंगरचा. लोक म्हणतात मी रागीट. मला राग येत नाही, मला रडू येतं." आणि पेटीतून एक चेहरा भिजल्या पानासारखा उडत आला आणि त्याच्या जागी बसला.

हैबती दुसऱ्याकडे गेला. मग तिसऱ्याकडे. कोणी म्हणाले, मी आंब्याच्या झाडाला घाबरतो. कोणी म्हणाले, मी दोन भाषांत शिव्या देते. एकही दुसऱ्यासारखा नव्हता. नव्याण्णव जणांना विचारता विचारता त्याचा घसा बसला. शेवटी एक आकृती उरली. हैबती तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तू कोण?"

"तू सांग," घोंगडी म्हणाली. "मी कसली आहे ते तू मला सांगितलं होतंस."

"मी रागात बोललो. मला माहीत नाही तू कशी आहेस. मी कधी विचारलं नाही. सांग, अक्का."

"मला सकाळी उठायचा कंटाळा येतो," ती म्हणाली. "मला मोठ्यानं गायला आवडतं, घरात कोणी नसताना गाते. दूधभात मला मुळीसुद्धा आवडत नाही. तुला आवडतो म्हणून केला. भाकरीचा कडक पापुद्रा मला फार आवडतो. तो मी तुला द्यायचे."

अक्काचा चेहरा जागेवर आला. हैबतीने तो पहिल्यांदा पाहावा तसा पाहिला. तिच्या डाव्या डोळ्याखाली एक बारीक तीळ होता. एवढी वर्षे त्याला तो माहीत नव्हता.

काजळनाथ हसला. "जा घेऊन. उद्या शाळा भरेल, साळुंकी म्हणेल, पोरं म्हणतील. हे सगळे परत इथं येतील."

हैबतीने पिंजरा उघडून साळुंकीची जीभ धरली.

"काढ," साळुंकी म्हणाली. "पण जीभ रिकामी राहिली तर तो दुसरं अक्षर ठेवील. तिथं माणसाचा आवाज हवा. आणि ज्याचा आवाज जातो, तो माणूस उरत नाही."

"माझा घे!"

"तू मुलांना काय शिकवशील?"

"अक्काचे तीन प्रश्न."

"म्हण."

"कोण?" हैबती म्हणाला. "कधी?" आणि तो अडखळला. त्याने पुन्हा सुरुवात केली. कोण. कधी. तिसरा प्रश्न काही केल्या त्याला येईना.

अक्काने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "वेड्या, दुसऱ्या दिवशी शाळेतून पळालास ना," ती म्हणाली. आणि तिसरा प्रश्न तिने म्हटला. "तू पाहिलंस?"

हात हलका झाला. हैबतीने वर पाहिले तेव्हा खाली पडलेली घोंगडी होती, आणि तिच्यावर खडूची थोडी भुकटी.

साळुंकीच्या जिभेवरून 'च'चा काळा तीळ खाली पडला. काजळनाथ त्याच्यामागे वाकला, वाकता वाकता लहान झाला, तिळात शिरला आणि तिथे राहिला. रायाप्पाने तीळ पेटीत टाकून झाकण लावले. पेटीतली कुजबुज थांबली.

नव्याण्णव जण आपापल्या घरी गेले. नावाड्याच्या, म्हातारीच्या, पलीकडच्या साऱ्यांच्या चेहऱ्यांवरचे जे हरवले होते ते परत आले. माळाखालचे तिघे म्हातारीने मुंग्यांच्या वाटेने वर काढले. राजा दरबारात येणाऱ्या प्रत्येकाला पुन्हा विचारू लागला, तू कोण. थकला की पाणी पिई आणि पुन्हा विचारी.

हैबतीची उजवी भुवई मात्र माशाने परत दिली नाही. तो रोज शाळेत जातो आणि मागच्या रांगेत, ठकीशेजारी बसतो. भागू त्याला बाराखडी घोटवते आणि चुकला की हसते. दारातल्या पिंजऱ्याला आता दार नाही, पण साळुंकी कुठे जात नाही. कोणी नवे पोर येते आणि बोलून जाते, अमक्या वस्तीतले असे. मग साळुंकी सगुणाच्या आवाजात विचारते, "कोण? कधी? तू पाहिलंस?"

सुटी झाली की मुले पळतात. हैबती मागे राहतो. बोचक्यातून भाकरीचा कडक पापुद्रा काढतो, चुरतो आणि तळहातावर धरतो. साळुंकी खाते. खाऊन झाले की मान तिरकी करून त्याच्याकडे बघते. तिच्या डाव्या डोळ्याखाली एक बारीक तीळ आहे.

"तू पाहिलंस?" ती विचारते.

"पाहिलं, अक्का," हैबती म्हणतो.

शंभर चेहऱ्यांची ही कहाणी. नव्याण्णव घरी परतले, एक शाळेत राहिला.