तिघांची राखण

त्या खोऱ्यात पाणी एकाच डोहात उरलं होतं, आणि डोहाचा काठ गरुडिणीचा होता. बाकी सगळ्यांच्या वाट्याला तहान होती.

काठ तिचा कसा झाला, हे विचारायची सोय नव्हती. रिवाज एवढाच, की जोवर तिची सावली काठावर फिरते आहे तोवर पाण्याला कुणी तोंड लावायचं नाही. ऊन चढलं की ती कड्यावरून उठे आणि डोहावर घिरट्या घालू लागे. ऊन उतरलं की परत जाई. मग काठावर जी झुंबड उडे, ती बघवत नसे. दांडगे पोटभर पीत, लहानसहान जीव चिखल चाटत, आणि म्हातारे उद्याची वाट बघत माघारी फिरत. तक्रार सगळ्यांचीच होती. बोलायची वेळ आली, की जो तो शेजाऱ्याला पुढे ढकलत असे.

शेवटी पुढे आले ते तिघं. एक कावळा, एक मुंगूस आणि एक घोरपड. एरवी हे एकमेकांच्या वाटेला जात नसत. मुंगसाच्या घरी पिल्लं होती आणि ती तहानेने सारखी कुरकुरत. घोरपडीचं वय झालं होतं, झुंबडीत तिला कुणी पुढे सरकू देत नसे. कावळ्याची तहान बेताचीच होती, पण आपल्याइतकं डोकं या खोऱ्यात कुणाला नाही, हे त्याला एकदा सगळ्यांना दाखवायचं होतं. निदान दोघांची गरज खरी होती, एवढं त्यांच्या बाजूने बोलता येईल. पुढचं सगळं पाहिल्यावर तेवढंही बोलायची इच्छा राहत नाही.

गरुडिणीचं एकच अंडं होतं. ते घातलं आणि थोड्याच दिवसांत तिचा जोडीदार वादळात गेला, त्यामुळे दुसऱ्या अंड्याची आशा नव्हती. काठावर सावली पाडायला आता ती एकटी. दुपारी कड्याचा दगड तापलेला असे, अंड्याला तेवढी ऊब पुरे, अशा हिशेबाने ती अंडं तिथेच ठेवून डोहावर जाई. काठ सुटता कामा नये, हे तिच्या रक्तातच होतं.

कावळ्याने बेत मांडला. अंडं उचलायचं, लपवायचं, आणि काठ कायमचा मोकळा केला तरच परत द्यायचं. घोरपड कड्याला चिकटून चढेल, मुंगूस आपली जुनी, रिकामी कपार देईल, आणि गरुडिणीशी बोलणी कावळा करील. शपथही झाली. अंड्याला कुणी तोंड लावायचं नाही. अशी शपथ घ्यावी लागली, कारण तिघंही जन्मभर दुसऱ्यांच्या अंड्यांवर पोसलेले होते. सगळ्या खोऱ्यात घरटी लुटणारे म्हणून ज्यांचं नाव, त्यांनीच अंड्याची राखण पत्करली. आणि हे तिघांपैकी एकालाही विचित्र वाटलं नाही.

चोरी छान पार पडली. खटका उडाला तो घोरपड कड्यावरून खाली उतरली तेव्हा, कारण अंडं तिच्या जबड्यात होतं.

"तोंड लावायचं नाही असं ठरलं होतं ना, बाई?" मुंगूस म्हणाला.

घोरपडीने अंडं अलगद खाली ठेवलं. "मग काय शेपटीला बांधून आणायचं होतं? तू चढला असतास तर कशात धरलं असतंस?"

 मुंगसाने अंड्याभोवती फिरून ते सगळीकडून पाहिलं, कुठे दात तर लागला नाही ना. अंडं धड होतं. ते कपारीत नेऊन ठेवल्यावर कावळ्याच्या लक्षात आलं, की आतला दगड गार आहे.

बेत आखताना ऊब हा शब्द कुणाच्या डोक्यात आला नव्हता. येणार कसा? तिघांनी आजवर हजार अंडी पाहिली असतील, पण पुढच्या घासापलीकडे एकाही अंड्याचं काय होतं ते पाहिलं नव्हतं. आता कुणीतरी त्यावर बसायला हवं होतं. घोरपडीचं अंग दगडाइतकंच थंड. मुंगसाचं अंग गरम, पण अंडं फोडायची मुंगसांची एक रीत असते. अंडं मागच्या पायांच्या मधून जोरात दगडावर भिरकावायचं. मुंगूस अंड्याला पाठ लावून बसला, आणि थोड्या वेळात त्याचे मागचे पाय आपोआप हलायला लागले. कावळा ओरडला म्हणून ते अंडं वाचलं.

"मी मुद्दाम नाही केलं," मुंगूस म्हणाला.

"पाय तुझेच होते ना?"

तेव्हा बसायचं काम कावळ्याकडे आलं. त्याने नाक मुरडलं, पण बसला. बसल्यावर काही वेळाने पोटाखाली त्याला बारीक टकटक जाणवली.  पुन्हा टकटक. पिल्लू आतून कवच टोचत होतं. कावळा अगदी हळू म्हणाला, "जिवंत आहे. बाहेर यायला आलंय." त्या क्षणी तिघं जेवढे एकत्र होते, तेवढे आधी कधी नव्हते आणि पुढेही कधी झाले नाहीत.

ऊन बाहेर अजून कडक होतं. कावळ्याने अंडं कपारीच्या तोंडाशी उन्हात सरकवून घेतलं, दोघांना लांबून राखण करायला सांगितलं आणि तो गरुडिणीकडे गेला. रिकामं घरटं पाहून ती कड्यावर वेड्यासारखी फिरत होती. मागणी ऐकून तिने घासाघीस केली नाही. ती म्हणाली, "काठ सोडते. आज सोडते. फक्त त्याचा आवाज एकदा ऐकू दे. मला तिथे ने."

एवढं सोपं होतं. खरंच एवढं सोपं होतं. ही गोष्ट इथेच संपायला काही हरकत नव्हती.

पण दोघांना आधी सांगून मग तुला न्यायला येतो, असं म्हणून कावळ्याने तिला कड्यावरच थांबवलं. ती तिथे असल्यामुळे डोहावर सावली नव्हती, आणि परत येताना कावळा वाटेत पाणी प्यायला. दोनच घोट. कपारीशी उतरला तेव्हा त्याची चोच ओली होती.

"पाणी प्यायलास," घोरपड म्हणाली.

"वाटेत होतं म्हणून प्यायलो."

"काठावर सगळ्यांना बंदी, आणि तुला तेवढी मोकळीक?" मुंगूस पुढे सरकला. "तिच्याशी काय ठरवून आलास ते आधी सांग."

कावळ्याने जे घडलं ते सगळं सांगितलं. ते खरं होतं, आणि इतकं चांगलं होतं की दोघांना ते खरं वाटेना. गरुडीण एका फटक्यात काठ सोडेल होय? नक्की कावळ्याने आपल्यापुरता काठ मागून घेतला असणार, आणि आता ती येणार ती आपल्या दोघांना फाडायला. कावळा चिडला. त्याने विचारलं, की मी नसताना तुम्ही इथे काय दिवे लावले? तेव्हा मुंगूस म्हणाला, की बाईंनी अंड्याला जीभ लावली, ती मी डोळ्यांनी पाहिली. घोरपड म्हणाली, की घोरपडीला जग जिभेनेच कळतं. ऊब आहे की गेली, हे बघायला दुसरं काय लावणार? आणि तुझे पाय पुन्हा हलत होते, ते नाही सांगितलंस.

असं करत ऊन उतरायला लागलं. अंडं कपारीच्या तोंडाशी होतं तिथे सावली आली. त्या भांडणात एक गोष्ट चांगली झाली म्हणायची, ती ही की कावळा बोलता बोलता पुन्हा अंड्यावर जाऊन बसला.

आता गरुडिणीला आणायला जायचं कुणी? कावळा एकटा गेला तर तो आपलं साधून घेणार. कावळ्यासोबत मुंगूस गेला तर घोरपड अंड्यापाशी एकटी, हे कावळ्याला चालेना. घोरपडीला नेलं तर मुंगूस आणि त्याचे पाय मागे राहतात. मुंगूस आणि घोरपड दोघंच जातो म्हटलं, तर कावळा म्हणाला, "म्हणजे तुम्ही तिला सांगणार की चोर मी." प्रत्येक वाटेवर कुणीतरी आडवं पडत होतं. अंडं तिथेच हाताशी होतं, त्याची आई कड्यावर वाट बघत होती, आणि हे तिघं कोण कुणाला फसवील याचं गणित सोडवत बसले होते. बघणाऱ्याने कपाळ बडवून घ्यावं नाही तर काय करावं?

शेवटी त्यांनी तोड काढली. तिघांनी मिळून जायचं. अंडं कपारीत आत ठेवायचं, आणि तोंडाला असा दगड लावायचा जो एकट्याला किंवा दोघांना हलणार नाही, तिघं लागतील. कपारीला मागून दुसरी वाट होती, ती मुंगसाला आपल्या हाताने बुजवायला लावली. घोरपडीने खालून मान घालून ढकललं, मुंगसाने खालची माती उकरली, कावळ्याने फटीत खडे बसवले. काम इतकं मन लावून झालं, की त्यांना एकमेकांचं कौतुक वाटलं असेल. ऊब हा शब्द पुन्हा एकदा कुणाच्या डोक्यात आला नाही. दुपारी येऊन गेला होता, तेवढ्यावर भागलं असं त्यांना वाटलं असावं.

मग ते निघाले. कावळ्याने उडायचं नाही, असं ठरलं, कारण उडाला तर आधी पोचेल. तेव्हा कावळा चालत निघाला. घोरपड दमत होती, थांबत होती. ती थांबली की दोघं थांबत, कारण तिला मागे सोडलं तर ती परत फिरेल. मुंगूस पुढे गेला की दोघं त्याला हाका मारत. कड्याखाली पोचायला सांज झाली. वरून गरुडिणीने पाहिलं, की आपलं अंडं चोरणारे तिघं एका ओळीत चालत येत आहेत. ती झेप घेऊन खाली आली.

आधी कोण बोलणार यावरून त्यांची कुजबुज सुरू झाली. तिने ती ऐकली नाही. तिने एकामागून एक तिघांकडे पाहिलं.

"तुम्ही तिघं इथे आलात," ती म्हणाली, "मग अंड्यावर कोण बसलंय?"

कावळ्याने घोरपडीकडे पाहिलं. घोरपडीने मुंगसाकडे पाहिलं. मुंगूस खाली पाहू लागला.

"कुठे आहे?" तिने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. रागाला वेळ नव्हता. कावळा उडाला आणि ती त्याच्यामागे. खाली मुंगूस ओरडत होता, की बघा, निघाला एकटा, म्हटलं नव्हतं मी? आणि तो धावत सुटला.

कपारीशी दगड होता. गरुडिणीने नख्या लावल्या, दगड हलला नाही. कावळ्याने फटीतले खडे काढले, मुंगसाने पोचल्यावर माती उकरली, तिने पंखांनी रेटा दिला. दगड तसाच. तो दोघांना हलू नये म्हणूनच लावलेला होता, आणि खालून मान घालून त्याला उचलणारी घोरपड अजून वाटेत होती. गार वारा सुटला. गरुडीण दगडाला छाती लावून आत हाक मारत राहिली. तिच्या जातीची आई अंड्याशी बोलते तशी, हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशी. मुंगसाने मागची बुजवलेली वाट उकरायला घेतली, पण ती त्याने स्वतःच फार चांगली बुजवली होती.

घोरपड आली. तिघांनी मिळून दगड सरकवला. गरुडीण आत गेली आणि तिने अंड्याला कान लावला. बाहेर तिघं श्वास रोखून उभे होते. आतून टकटक आली नाही. मग तिने पंख उघडले आणि ती अंड्यावर बसली.

"तुझ्यामुळे झालं," घोरपड कावळ्याला म्हणाली. "माझ्यामुळे नाही, तू रांगत होतीस म्हणून," कावळा म्हणाला. मुंगूस म्हणाला, की दगडाची कल्पना आपली नव्हती. 

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तरी ती उठली नाही. डोहावर सावली आली नाही. काठापाशी जमलेले जीव घाबरत घाबरत वाट बघत राहिले. मग एक म्हातारा ससा, ज्याला आता भिऊन काही मिळणार नव्हतं, तो वाळूवर गेला आणि प्यायला. काही झालं नाही. मग सगळे गेले. झुंबड झाली नाही, कारण घाई नव्हती, काठ दिवसभर मोकळा होता. मुंगसाची बायको पिल्लांना घेऊन आली. पिल्लं पाण्यात तोंड बुडवून प्यायली, मग अंगावर पाणी उडवत खेळली, आणि त्यांचा आवाज वर कपारीपर्यंत येत होता.

कपारीबाहेर तिघं बसले होते. गरुडीण कधीतरी उठेल, आणि उठली की विचारेल, हे कुणामुळे झालं. तेव्हा जो पाण्याला गेला असेल त्याचं नाव उरलेले दोघं सांगतील, हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. म्हणून कुणी हलत नव्हतं. कावळ्याची चोच उघडी पडली होती. घोरपडीची जीभ बाहेर आली आणि कोरडीच आत गेली. मुंगूस पिल्लांच्या आवाजाकडे कान लावून होता, पण डोळे त्याने दोघांवरून काढले नाहीत. आत गरुडीण थोड्या थोड्या वेळाने अंडं फिरवत होती, सगळ्या बाजूंनी ऊब लागावी म्हणून. ते दगडावर घासल्याचा बारीक आवाज आला, की तिघं एकदम मान वर करत. मग पुन्हा एकमेकांकडे बघत बसत.