खलातली वाळू

एका डोंगराळ गावाबाहेर दमयंती नावाची बाई एकटी राहत होती. तिचं काम दगड तपासण्याचं. दूरदूरच्या टेकड्यांवरून तिच्याकडे दगडांच्या पिशव्या येत. दगड खलात कुटून ती पूड करी, पूड डब्यात भरून, तिच्यातून सुटणारा वायू आत साठावा म्हणून डबा महिनाभर बंद ठेवी आणि मग यंत्राने मोजून सांगे, यात युरेनियम किती, रेडियम किती.

गावाला तिची भीती वाटे. हे दगड न दिसणारे किरण सोडतात, एवढंच लोकांनी ऐकलं होतं. तिच्या हातचं पाणी कुणी घेत नसे. ती दुकानात आली की बायका मुलांना जवळ ओढत. तिने आधी समजावून पाहिलं, मग सोडून दिलं. कधीकधी दोन-दोन दिवस तिच्या तोंडून शब्दही निघत नसे.

एकदा सरपंच गेनूभाऊ तिच्या दारात आले. गावच्या टेकडीवर काळे, जड दगड सापडले होते.

"बाई, यात काही निघालं तर खाण येईल. गावातल्या माणसांना काम मिळेल. नीट बघा."

दमयंतीने दगडाचे दोन तुकडे केले. एक तपासणीसाठी, दुसरा पडताळ्यासाठी. पहिला नेहमीच्या खलात कुटला. पंधरा दिवसांनी दुसरा नव्या खलात कुटला.

पहिल्या डब्याचा आकडा मोठा आला. दुसऱ्याची वाट न पाहता तिने आनंदाने सरपंचांना सांगून टाकलं, टेकडीत युरेनियम आहे.

गाव बदललं. तिच्याकडे जेवणाचे डबे येऊ लागले, कुणी भाकरी, कुणी पिठलं. गावातल्या सगुणाने तिला आपल्या बाळाच्या बारशाला बोलावलं आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं. त्या दिवशी घरी आल्यावर दमयंतीने कितीतरी वेळ लुगडं बदललं नाही. पदराला बाळाच्या तेलाचा वास होता.

खाणीच्या रस्त्यासाठी आमराई तोडायचा दिवस ठरला.

मग दुसरा डबा मोजायची वेळ आली. आकडा जवळजवळ शून्य. दमयंतीने नदीची स्वच्छ वाळू घेतली, जुन्या खलात कुटली आणि यंत्राखाली धरली. यंत्र टकटकू लागलं. आधी कुटलेल्या कुठल्यातरी दगडाची पूड खलाच्या चिरेत बसली होती. मोठा आकडा त्या पुडीचा होता, टेकडीचा नव्हता.

दुसरा डबा फेकून दिला असता तर इतक्यात कुणाला कळलं नसतं. ती तो हातात घेऊन बराच वेळ बसली. मग उठली आणि आमराईकडे निघाली. तिथे माणसं कुऱ्हाडी घेऊन जमली होती.

"थांबा," ती म्हणाली. "टेकडीत काही नाही. चूक माझी. माझा खल स्वच्छ नव्हता."

गेनूभाऊ पुढे आले. ते म्हणाले, "बाई, गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"झाडं गेली असती, भाऊ. आणि खाण आलीच नसती."

लोक कुऱ्हाडी खांद्यावर टाकून निघून गेले. तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून जेवणाचे डबे यायचे थांबले. बाजारात सगुणा समोरून आली आणि बाळाला पदराखाली घेऊन पुढे गेली. दमयंती पुन्हा एकटी झाली. या वेळचं एकटेपण जास्त लागलं, कारण मधले दिवस तिने पाहिले होते.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी दारात सगुणा उभी होती. हातात पाण्याची कळशी.

"टेकडीखाली नवी बोअर मारलीय," ती म्हणाली. "मारणारा म्हणतो, पाणी चांगलं आहे. पण खोलातलं पाणी, त्यात तसले किरण नाहीत ना, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय."

"माझ्याकडून? माझं तर एकदा चुकलंय."

"आणि ते तुम्हीच चारचौघांत सांगितलंत. तुम्ही म्हणाल तरच मी ते पाणी पोराला पाजीन."

दमयंतीने कळशी घेतली. "महिना लागेल," ती म्हणाली.

"लागू दे," सगुणा पायरीवर टेकत म्हणाली. "मी मधूनमधून विचारायला येत जाईन."

तात्पर्य: आपली चूक स्वतःच्या तोंडाने कबूल करणाऱ्याला लोक काही काळ एकटं पाडतात, पण जिवाचा प्रश्न आला की विश्वास त्याच्याच शब्दावर ठेवतात.