तांबटाची हाक

पुष्कळ पिढ्यांमागची गोष्ट. एका गावात एक तांबट राहायचा. माणूस मोठा बोलका. भांडी ठोकता ठोकता गिऱ्हाइकांशी गप्पा, आणि घरात उठता-बसता बायकोला हाक, "सगुणा, अगं सगुणा."

एके दिवशी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला, पाय उचलेना आणि वाचा गेली. वैद्यांनी लेप दिले, काढे दिले. वर्ष सरलं. तो बोलायला जायचा, घशातून नुसता घोगरा आवाज यायचा, मग तो भिंतीकडे तोंड फिरवायचा.

सगुणाला बाकी सगळं सोसवत होतं. पण पाणवठ्यावर कुणी कुणाला हाक मारली तरी ती चटकन मागे वळायची. गावाला ती तांबटीण होती. तिला नावानं हाक मारणारं दुसरं कुणीच नव्हतं.

पुढे शेजारी लग्न निघालं. हळदीला बायका गाऊ लागल्या, तसा ओसरीवर बसलेला तांबट गुणगुणू लागला, आणि एक अख्खी ओळ त्यानं स्पष्ट म्हटली. सगुणा धावत आली. "बोला ना, परत बोला." तो बोलायला गेला. पुन्हा तोच घोगरा आवाज.

मांडवात डफ वाजवणारा म्हातारा हे पाहत होता. तो म्हणाला, "पोरी, याची बोलण्याची वाट बुजली आहे, गाण्याची नाही. जे बोलायचं ते याच्याकडून गाववून घे. घाई मात्र करू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून सगुणा त्याच्या डाव्या हातावर ताल धरून एकेक शब्द चालीवर म्हणू लागली. पाणी. भूक. दार. संध्याकाळी म्हातारा डफावर संथ ठेका धरायचा आणि तांबट त्यावर पाऊल टाकायचा. तिची जाऊ म्हणाली, "नवरा असा पडलाय अन् हिला गाणी सुचतात." सगुणा चुलीपुढे बसून रडली. सकाळी तिनं पुन्हा ताल धरला.

आठ महिने गेले. ती परसात लुगडं वाळत घालत होती. मागे पावलं वाजली, एक पडणारं, एक ओढलेलं. मग कुणी लांबट सुरात गायलं, "स... गु... णा."

ती लगेच वळली नाही. "पुन्हा म्हणा," ती हळूच म्हणाली.

त्यानं पुन्हा म्हटलं.

हातोडा उजव्या हातात परत कधी बसला नाही. साधी गोष्टही तो जन्मभर गाऊनच सांगायचा. गाव आधी हसलं. पुढे मात्र कुणाची वाचा गेली की माणसं त्याला तांबटाच्याच घरी घेऊन येऊ लागली.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात असू द्या: नेहमीची वाट बुजली म्हणून आस सोडू नये, धीरानं दुसरी वाट चालत राहावं.