‘सगळ्यांना’ म्हणण्याआधी

या, इथे चाफ्याच्या सावलीत बसा. पाणी घ्या आधी. पुण्याहून आलेली माणसं तुम्ही, आमच्याकडचं ऊन तुम्हाला सोसायचं नाही.

हे चर्च गावापासून एवढं लांब का, असं तुम्ही मघाशी विचारलंत. येणारा प्रत्येक जण विचारतो. चिंचखळी गाव तिकडे उत्तरेला, आमची ख्रिस्ती वस्ती इकडे खाणीच्या बाजूला, आणि चर्च मात्र दोन्हींच्या मधे, ओढ्याच्या काठावर एकटंच उभं. आणि जे ईस्टरनंतरच्या रविवारी येतात ते तर चक्रावूनच जातात. त्या दिवशी आमची उपकारस्तुतीची उपासना असते. पाळक प्रार्थनेला उभे राहतात, एक वाक्य अर्धं बोलतात आणि गप्प होतात. मग सगळी मंडळी उठते, पायांत चपला घालते आणि बाहेर पडते. एकदा नगरहून आलेले एक वक्ते छप्पर पडतंय असं समजून सर्वांच्या आधी पळाले होते.

त्यामागे एक गोष्ट आहे. माझ्या सासूबाई सांगायच्या, त्यांना त्यांच्या सासूने सांगितली. मी तुम्हाला जशी ऐकली तशी सांगते.

गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची, मोठी साथ आली होती, त्या सालची ही गोष्ट. घराघरांत आढ्यावरून उंदीर पडू लागले आणि चार-आठ दिवसांत गाव ओस पडलं. गावकऱ्यांनी उत्तरेच्या माळावर झोपड्या घातल्या. आमच्या लोकांनी खाणीजवळ घातल्या. रोग जात बघत नव्हता, पण झोपड्या बघत होत्या. ज्यांना ताप भरे, गाठ येई, त्यांना ओढ्यापलीकडे कडब्याच्या झोपड्यांत नेऊन ठेवत. तिकडे फारसं कोणी फिरकत नसे. भाकरी आणि पाण्याचं मडकं काठावर ठेवायचं, लांबून हाक मारायची आणि माघारी यायचं, अशी रीत पडली होती.

तिन्ही ठिकाणी जाणारं माणूस एकच होतं. ठकूबाई. ती परटीण होती, तरुणपणीच विधवा झालेली. गावात सुईणपण करायची. कोणाचं पोट दुखलं, कोणाचं मूल अडलं, की ठकूबाई हजर. म्हणे, तिला बोलावणं धाडावं लागत नसे. साथीतही ती थांबली नाही. सकाळी उत्तरेच्या माळावर, दुपारी आमच्या खाणीपाशी, संध्याकाळी ओढ्यापलीकडे तापकऱ्यांच्या तोंडात पाणी घालायला. तिचा मुक्काम कुठे, हे कोणी विचारत नसे. ती असायचीच कुठे ना कुठे.

त्याच दिवसांत आमच्या मंडळीतली सगुणा खाणीजवळच्या झोपडीत बाळंत झाली. हरिबाची बायको ती. आधीची दोन मुलं जन्मताच गेलेली, त्यामुळे ती फार धास्तावलेली होती. तिची सुटका ठकूबाईने केली. मूल आडवं होतं. दिवसभर खटपट करून तिने ते सोडवलं आणि जिवंत सोडवलं. हात धुताना ती सगुणाला म्हणाली, “पोरी, याला तुमच्या देवळात नेशील ना, तेव्हा आधी माझ्या मांडीवर घालायचा. देवाच्या हाती मागनं दे.”

सगुणा हसली आणि हो म्हणाली. ठकूबाई ओढ्याकडे निघून गेली.

चैत्र लागला, ऊन तापलं आणि साथ ओसरली. लोकांनी घरं सारवली, चुना मारला आणि माळावरून परत आले. आमच्या मंडळीतलं त्या साथीत एकही माणूस गेलं नाही, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे. पण परतल्यावरच्या पहिल्या रविवारी उपकारस्तुती करायची असं ठरलं. तेव्हा हे चर्च नव्हतं. आमच्या वस्तीतच मातीच्या भिंतींचं एक प्रार्थनाघर होतं. ते त्या दिवशी असं भरलं, की बायका उंबऱ्यापर्यंत बसल्या होत्या.

मार्तंडराव उजागरे तेव्हा पाळक होते. शांत माणूस, आवाज मोठा गोड. भजनं झाली, वचन झालं आणि पाळक डोळे मिटून प्रार्थनेला उभे राहिले.

“हे दयाळू पित्या, या मोठ्या संकटातून तू आम्हा सगळ्यांना...”

एवढ्यात बायकांतून आवाज आला.

“पाळकसाहेब, थांबा. सगळ्यांना म्हणू नका.”

सगुणा उभी होती, बाळ खांद्याशी धरून. त्या काळी बाई उपासनेत बोलत नसे. सासूने तिचा पदर ओढला, पण ती खाली बसेना. बाळाला ठकूबाईच्या मांडीवर घालायचं म्हणून ती सकाळपासून दाराकडे बघत होती. बायकांकडे चौकशी करत होती, आणि कोणाकडूनच धड उत्तर येत नव्हतं.

“ठकूबाई कुठंय?” तिने विचारलं.

“आसंल की परटांच्या आळीला,” कोणीतरी म्हणालं.

“न्हाई,” दारातली एक बाई म्हणाली, “म्या काल गेल्ते तिकडं. ते म्हनले, ती तुमच्या खाणीवर बाळंतिणीपाशी ऱ्हायलीय.”

“माझ्यापाशी?” सगुणा म्हणाली. “माझ्याकडनं जाऊन तिला महिना होत आला!”

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. पहिल्या रांगेत मंडळीचे एक वडीलधारे पंच होते. त्यांना हा गोंधळ आवडला नाही. ते म्हणाले, “ती काय आपल्या मंडळीतली हाय का? प्रार्थना पुरी हू द्या. मग बघू.”

सगुणा त्यांच्याकडे वळली. “मामा, ती मंडळीतली न्हाई. पन ह्ये पोर मंडळीत आलं, त्ये तिच्याच हातानं आलं.”

मार्तंडराव तसेच उभे होते, हात वर केलेले. तेवढ्यात हरिबा एकदम ताडकन उठला. “आवं, आज तर पाटील पलीकडच्या झोपड्या पेटवनार हायत!”

साथ सरली की तापकऱ्यांच्या झोपड्या जाळून टाकायच्या, अशी तेव्हा पद्धत होती. पाळकांनी आमेन म्हटलं नाही. धोतराचा काचा मारला आणि बायकांतून वाट काढत ते बाहेर पडले. त्यांच्यामागे हरिबा. सगुणाने बाळ सासूच्या ओटीत टाकलं आणि तीही धावली. मग सारी मंडळीच निघाली.

वस्तीबाहेर येताच धूर दिसला.

ओढ्याच्या काठावर दौलत पाटील माणसं घेऊन उभा होता. पलीकडची वरची रांग पेटली होती. कडबाच तो, चैत्रातला, फडफडत जळत होता. पाटलाने काठी आडवी धरली.

“पाळक, म्होरं जाऊ नगा. तिकडं रोग हाय.”

“पाटील, आत माणूस आहे,” मार्तंडराव म्हणाले.

“कुनी न्हाई. काल दोनदा हाका मारल्या, आज मारल्या. कुनी ओ दिली न्हाई.”

“ठकूबाई सापडत नाही.”

पाटलाच्या तोंडावरचा रंग उडाला. “ठकूमावशी? ती तर तुमच्यात हाय न्हवं?”

“आम्हाला वाटलं, तुमच्यात आहे.”

माझ्या सासूबाई इथे आल्या की सांगायच्या, दौलत पाटलाचा जन्मही ठकूबाईच्याच हातचा होता.

पण काठी अजून आडवीच होती. पाटील चांगला माणूस होता, पण गावाची त्याला भीती होती. तो म्हणाला, “जो पलीकडं जाईल, त्याला पंधरवडा गावात घेता यायचं न्हाई. मी कुनाला सोडनार न्हाई, सांगून ठिवतो.” पाळक म्हणाले, “नका सोडू.” आणि ते काठीखालून वाकून ओढ्यात उतरले. हरिबा उतरला. सगुणा आधीच निम्म्या ओढ्यात होती.

वारा धुराला खालच्या रांगेकडे लोटत होता. तिघं एकेका झोपडीत डोकावत निघाली. पहिली रिकामी, दुसरी रिकामी, एकीत नुसतं फुटकं मडकं. धुराने डोळे उघडेनात. सगुणा हाका मारत होती, “ठकूबाई! आगं ठकूबाई!” उत्तर येईना. मग तिला टणटण असा बारीक आवाज आला. तांब्यावर दगड आपटावा तसा.

अगदी शेवटची झोपडी होती ती. दारावर ठिणग्या पडत होत्या, म्हणून हरिबाने मागच्या भिंतीचा कूड लाथेने पाडला. आत बाजेवर ठकूबाई पडलेली. ताप तिला येऊन गेला होता, पण अंगात उठायचं त्राण नव्हतं, आणि गळा असा सुजलेला, की शब्द फुटत नव्हता. हाका तिने ऐकल्या होत्या. ओ देता येत नव्हती. तिच्या कुशीत एक चार-पाच वर्षांची पोर होती, वडाऱ्यांची. आईबाप त्याच झोपड्यांत गेलेले. तांब्या ती पोर वाजवत होती; आधीच्या हाकांना ती भेदरून दडून बसली होती, सगुणाचा आवाज ओळखून ठकूबाईने खुणेने तिला वाजवायला लावलं. बाजेच्या पायाला एक शेळी बांधलेली होती. तिच्याच दुधावर दोघी जगल्या होत्या.

हरिबा आणि पाळकांनी बाज उचलली. सगुणाने पोरीला कडेवर घेतलं, शेळी सोडली. सगळी ओढ्यात पोचेपर्यंत मागे झोपडीने पेट घेतला. त्या वेळी वारा फिरला, म्हणून सगळी वाचली, असं काही जण सांगतात. सासूबाईंना ते पटायचं नाही. त्या म्हणायच्या, “वारा कशाला फिरतोय? माणसं टायमाला पोचली, बास.”

काठावरची मंडळी रडत होती, हसत होती. पाळकांनी त्या दिवशी एका हरवलेल्या मेंढरामागे जाणाऱ्या मेंढपाळाचा बायबलातला दाखला द्यायला हवा होता, नाही का? पण म्हणे, ते वाळूत मटकन बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले.

पाटलाने शब्द पाळला. पंधरवडा त्या सगळ्यांना ओढ्याकाठीच राहावं लागलं. मात्र पहिल्याच संध्याकाळी त्याने झोपडी उभारायला नवा कडबा आणि चार मेढी पाठवल्या, आणि आपल्या घरची दशमी. मंडळीतली माणसं आळीपाळीने थोड्या अंतरावर मुक्कामाला राहिली, त्यांना एकटं वाटू नये म्हणून. सगुणाचं बाळ नणंदेने पाजलं. रोज सकाळी सासू त्याला घेऊन यायची आणि लांबून दोन्ही हातांवर उंच धरायची. सगुणा बघायची, डोळे पुसायची आणि ठकूबाईचे पाय चेपायला बसायची.

कोणालाही ताप आला नाही. गाठ आली नाही. एके दिवशी ठकूबाईचा गळा सुटला. घोगऱ्या आवाजात तिने पहिलं काय विचारलं असेल?

“पोरगं देवळात नेलं का गं? मला सोडून?”

“न्हाई,” सगुणा म्हणाली. “प्रार्थनाच अर्धी ऱ्हायलीय तुझ्यापायी.”

पंधरवडा संपला त्या दिवशी सारी मंडळी ओढ्याकाठी आली. पाटीलही आला, त्याच्यामागे गावातली पुष्कळ माणसं. ती जरा बाजूला उभी राहिली, पण आली. सगुणाने बाळ ठकूबाईच्या मांडीवर घातलं. मार्तंडराव उभे राहिले, डोळे मिटले, आणि जिथे वाक्य तुटलं होतं तिथूनच त्यांनी सुरुवात केली. “...सगळ्यांना सुखरूप ठेवलंस, म्हणून तुझे उपकार मानतो.” त्या आमेनचा आवाज पार माळापर्यंत गेला, असं सांगतात. आणि सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हटलं ते पहिल्या रांगेतल्या त्या पंचांनी.

पुढे पक्कं चर्च बांधायचं ठरलं तेव्हा वस्तीत जागा होती. पण मार्तंडराव म्हणाले, “वस्तीत बांधलं, तर वस्तीपुरतंच राहील. आपली मंडळी कशासाठी आहे, ते आपण ओढ्यावर शिकलो. तिथेच बांधू. इकडून तिकडे जाणारं प्रत्येक माणूस आपल्या नजरेस पडलं पाहिजे.” ही जागा दौलत पाटलानेच दाखवली. दगड खाणीतला, चुना गावातला. ठकूबाई काही ख्रिस्ती झाली नाही, कोणी आग्रहही केला नाही. ती त्या वडाऱ्याच्या पोरीला घेऊन परटांच्या आळीतच राहिली, आणि या पंचक्रोशीतली मुलं आणखी कितीतरी वर्षं तिच्याच हातावर जन्मली.

आजही त्या रविवारी पाळक ‘सगळ्यांना’ या शब्दावर थांबतात. मग आम्ही निघतो. वस्ती, गाव, वीटभट्टी, ऊसतोडीची पालं, एकही दार सोडत नाही. कोण आजारी, कोण उपाशी, कोण बोलायला माणूस नाही म्हणून गप्प बसलंय, ते बघतो. सगळी दारं झाली, की उरलेली प्रार्थना. बऱ्याच वर्षी काहीच निघत नाही. माणसं घरात धडधाकट असतात, आम्हाला गूळपाणी देतात, आणि आम्ही निवांत परत येतो.

गेल्या वर्षी मात्र आमची घाबरगुंडी उडाली होती. गावाच्या टोकाला अमीनाबी राहते, माझ्याच वयाची, घरात एकटी. दाराला आतून कडी. हाका मारल्या, कडी वाजवली, काही नाही. पोरं म्हणाली, दार तोडू. आमचे नवे पाळक ‘तोडा’ म्हणाले. दोघांनी दाराला खांदा लावला, तेवढ्यात मागून आवाज आला.

“आरं, काय करताय माझ्या दाराला?”

बघतो तर अमीनाबी. डोक्यावर पिठाचा डबा, भुवयांपर्यंत पांढरी झालेली. गिरणीत दळण आणायला गेली होती आणि मागच्या दाराने बाहेर पडली होती.

“आम्हाला वाटलं...” पाळक म्हणाले.

“काय वाटलं? मेली म्हातारी?” तिने डबा खाली ठेवला आणि आम्हा सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं. तीसेक माणसं तिच्या दारात उभी होती. मग पदराने तोंड पुसत म्हणाली, “आता आलाच हाय, तर बसा. च्या टाकते.”

आणि उरलेली प्रार्थना आम्ही तिच्या अंगणातच म्हटली.