शेळीला गेलेल्या ताटाची कहाणी

ऐक गं सटवाईबाई, तुझी कहाणी. आटपाट नावाचं नगर, वेशीशी कोष्ट्याचं घर. दोघे भाऊ मागावर बसत, दोघी जावा घर बघत. थोरली साळू. लग्नाला बारा वर्षं झाली, कूस रिकामी. धाकटी गोजरा. तिला दिवस गेले. मग थोरली हरखली. म्हणाली, "गोजरे, आता चुलीपाशी यायचं नाही. तुझं ताट मी वाढीन."

शेजारणीनं कुंपणाआडून ऐकलं. म्हणाली, "जिची कूस रिकामी, तिच्या हातचं गर्भारणीनं खाऊ नये बाई. जळत्या मनानं काय कालवील, नेम नाही." मग गोजराच्या मनात पाल चुकचुकली.

तिसरा महिना लागला. थोरलीनं नाचणीची भाकरी नि माठाची भाजी वाढली. गोजरा मनाशी म्हणाली, एवढं हिरवं का? कसला पाला मिसळला असेल. तिनं ताट परसात नेलं, शेळीपुढं ठेवलं. पाचवा महिना लागला. मुगाचं वरण आलं, वर तुपाची धार. एवढं तूप का? कसला वास झाकायचा असेल. ताट शेळीपुढं गेलं. सातवा महिना लागला. शेंगदाण्याचे लाडू आले. एवढं गोड का? काही कडू दडवलं असेल. शेळीनं लाडूही खाल्ले. आपण गोजरा शेजारणीकडची शिळी भाकर खाई, वर चिंच चोखी. ताट मात्र चाटूनपुसून लख्ख परत येई. थोरली ते बघून सुखावे, दुसऱ्या दिवशी दोन घास जास्त वाढी.

शेळीही गाभण होती. दोघींचे दिवस एकाच आठवड्यात भरले. शेळीला दोन करडं झाली, ती जन्मल्याजन्मल्या उभी राहिली. गोजराला मुलगी झाली, मुठीएवढी, रडायचंही त्राण नाही. आईला दूध थेंबथेंबच येई. मग गोजरा म्हणाली, थोरलीचीच दृष्ट लागली. तिनं दाराला कडी घातली. थोरली बाहेर ताट घेऊन उभी राही, हाका मारी, परत जाई.

सहाव्या दिवशी भर दुपारी परसदारानं एक म्हातारी आली. एका हातात बोरू, दुसऱ्या हातात दौत. गोजरानं पोर पदराखाली ओढली. विचारलं, "तुम्हांला थोरलीनं धाडलं का?"

म्हातारी म्हणाली, "मी सटवाई. पोरीच्या कपाळी लिहायला आले. पण दौत कोरडी आहे. नऊ महिने आईच्या ताटातून ती भरायची. ताट कुठं गेलं?"

म्हातारीनं दार ढकललं, परसात बोट दाखवलं. "ते बघ, तुझं ताट तिथं उड्या मारतंय."

गोजरानं तिचे पाय धरले. "आई, माझी पोर जगेल का?"

"दूध उतरलं तर जगेल. वसा घे. वाढलेलं ताट पाठ फिरवून नेऊ नये. पहिला घास वाढणारीला भरवावा, म्हणजे मनातलं किल्मिष जातं. उरलेलं आपण जेवावं. घेशील?"

"घेईन."

म्हातारी आली तशी परसदारानं गेली. मग गोजरानं कडी काढली. दारात थोरली ताट घेऊन उभीच होती. गोजरानं घास केला, पुढं धरला. म्हणाली, "जाऊबाई, मी तुमचं ताट शेळीला घातलं. तिसऱ्या महिन्यापासून घातलं."

थोरली करडांकडे बघत राहिली. डोळे भरून आले. "म्हणून ती शेळी माझ्या मागंमागं फिरते होय? मला वाटायचं, तू जेवतेस." मग तिनं तोंड उघडून घास घेतला. म्हणाली, "बारा वर्षांत मला कुणी घास भरवला नव्हता. आता जेव. पोर वाट बघतेय."

शंका एका दिवसात गेली नाही. पहिल्या दिवशी गोजरानं वास घेऊन खाल्लं. तिसऱ्या दिवशी तशीच जेवली. पाचव्या दिवशी म्हणाली, "जाऊबाई, आणखी वाढा." मग दूध उतरलं. पोर रडली, घरभर ऐकू आली. सटवाई पुन्हा आली, दौत भरलेली बघून हसली, कपाळी दीर्घ आयुष्य लिहून गेली. सव्वा महिन्यानं पोरीनं बाळसं धरलं. बोलू लागली तशी दोघींना आई म्हणू लागली.

सटवाई गोजराच्या पोरीला पावली, तशी तुम्हांआम्हां सगळ्यांच्या लेकराबाळांना पावो. साठा घासांची ही कहाणी पाचा घासांत पुरी झाली, सुफळ झाली. बायांनो, आता ताटं वाढली जातील. जिनं वाढलं तिला आधी एक घास भरवा.