ठकूमायचं बोंडलं

हिवरतळच्या वेशीवरची चिंच आज चौघांच्या कवेत मावत नाही. ती हातभर रोपटं होती, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा गावात ठकूमाय नावाची सुईण होती. हात ऊबदार, तोंड तिखट. बाळाला जुलाब होऊन टाळू खोल गेली की ती दृष्ट काढायला निघालेल्या आयांच्या हातातल्या मिरच्या हिसकावून घ्यायची आणि मीठ-गुळाचं पाणी घोटघोट पाजायची. सात घरांपलीकडचं रडणं ऐकून ती सांगायची, पोट दुखतंय की कान. असं म्हणतात.

त्या साली चिमा लोहारणीला पहिलं मूल झालं. मुलगा. वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला. छातीशी धरलं की त्याला ओढता येईना, गेलेलं दूध नाकातून बाहेर. गाव म्हणालं, हिनं ग्रहणात काहीतरी चिरलं. रीतच होती तशी. ग्रहण लागलं की पोटुशी बाईनं अंधाऱ्या खोलीत सरळ पडून राहायचं, विळीला आणि सुईला हात लावायचा नाही. चिमा शपथा घेऊन सांगत होती की मी बोटसुद्धा हलवलं नव्हतं. पण तिचं कोण ऐकतो! गावाचे कारभारी भुजंगराव पाटील दारात उभं राहून म्हणाले, "देवाचं देवाला जाऊ दे. बारसं करायचं न्हाई."

म्हणजे काय, कळलं ना? पोराला उपाशी मारायचं. सांगताना आजही माझं डोकं तापतं.

ठकूमाय पाटलांच्या अंगावरून आत गेली. हात धुतले, बाळाच्या तोंडात बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "ह्याला शाप न्हाई, भूक हाय." मग तिनं कनवटीचं बोंडलं काढलं. बोंडलं म्हणजे चोच असलेली छोटी वाटी. बाळाला तिनं आडवं न घेता मांडीवर बसतं धरलं आणि गालाच्या आत दुधाचा थेंब सोडला. तो गिळला की दुसरा. एका वेळच्या दुधाला अर्धी सकाळ जायची. बाराव्या दिवशी तिनं बाळाला पाळण्यात घातलं आणि पाटलांना ऐकू जाईल अशा आवाजात नाव ठेवलं, राजाराम.

घाटाखालच्या शहरातला एक डॉक्टर फाटके ओठ शिवतो, असं तिच्या कानावर आलं होतं. राजाराम मान धरून गुटगुटीत झाला, तशी ती चिमाला आणि त्याला घेऊन चालत निघाली. सात डोंगर आडवे आले आणि प्रत्येक डोंगराच्या पायथ्याला एक दुभती शेळी वाट बघत उभी होती, असं म्हणतात. शेळी कुणाची होती, ते विचारू नका. राजाराम ओठ शिवून परत आला, हे मात्र गावानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

तरी गावाची खोड जाते होय? दोन वर्षांनी चिमाला पुन्हा दिवस गेले आणि भरदिवसा सूर्यग्रहण आलं. ठकूमाय म्हणाली, "चल पारावर. विळी घे."

पाटील धावत आले. "पोर फाटकं निपजलं तर गाव सोडायचं, ठकू."

"सोडीन. पन फाटकं निपजलं तरी ते गिराणानं न्हवं. आन् त्याला पाजल्याबिगर मी वेस वलांडायची न्हाई."

अंधारून आलं. कोंबड्या खुराड्यात शिरल्या. सगळ्या गावासमोर चिमा विळीवर बसली आणि दुधी चिरू लागली. ठकूमायनं दुधी दुसऱ्या बाजूनं धरला. शेवटची फोड पडेपर्यंत सूर्य तिथंच खोळंबला, असं म्हणतात. म्हणू देत, त्यालाही बघायचं असेल. त्याच वेळी पाटलांची पोटुशी सून अंधाऱ्या खोलीत काठीसारखी सरळ पडून होती. तिनं कूससुद्धा बदलली नाही.

चिमाला मुलगी झाली. ओठ अखंड, रडणं खणखणीत. महिन्यानं पाटलांची सून बाळंत झाली. नातवाचा ओठ फाटका होता.

आता ठकूमाय काय बोलते, म्हणून गाव कान टवकारून बसलं. भुजंगराव बोडक्या डोक्यानं तिच्या दारात आले. त्यांनी हात जोडले. ती बोंडलं पदरात बांधून उंबऱ्यावरच उभी होती.

"बोलू नका पाटील," ती म्हणाली, "पोर भुकेलं असंल. चला."

ठकूमाय गेली त्याला किती पिढ्या झाल्या, कुणाला मोजता येत नाही. पण हिवरतळमध्ये ग्रहण लागलं की पोटुशा बाया आजही पारावर येऊन दुधी चिरतात. पहिली विळी पाटलांच्या घरातून येते. बारशाला आत्या आधी हात धुऊन बाळाच्या तोंडात बोट फिरवते आणि आईला विचारते, "दूध नाकातनं येतं का?" उत्तर मिळाल्याशिवाय नाव सांगत नाही.

बोंडलं देवळाच्या कोनाड्यात आहे. त्याला हळदकुंकू वाहायचं नाही, असा गावाचा नियम आहे. एखाद्या बाळाला गरज लागली की खाली काढतात, उकळतात आणि दुधानं भरतात. गेल्या श्रावणातही काढलं होतं.