नळीतला स्क्रू

"आता तरी पाना द्याल ना, चाचा?"

सुहास कुंभोजेनं पीयूसीचा ताजा कागद बाबालाल चाचांच्या नाकासमोर धरला.

मिरजेतल्या या गॅरेजची एक रीत होती. शागीर्द तयार झाला, की चाचा आपल्या पेटीतला दहा नंबरचा पाना त्याच्या हातात ठेवत. तो मिळाल्याशिवाय कुणी स्वतःची पाटी लावत नसे. इंजिनिअरिंगची पदवी खिशात घालून आलेल्या सुहासला सात वर्षं झाली होती. पाटी तर त्यानं रंगवूनही ठेवली होती, पलंगाखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून.

गाडी नलिनीबाई शिरगावकरांची. यजमानांनी परदेशातून आणलेली. ते गेले, गाडी राहिली. तिच्या इंजिनात पिस्टन नाहीत, एक तिकोनी गोळा गरागरा फिरतो. जिल्ह्यात दुसरं कुणी तिला हात लावायला धजत नव्हतं. सुहासनं दोन महिने खपून तिच्या तेलाच्या रिंगा बदलल्या, रबरं बदलली. तरी निळसर धूर राहिलाच. दोनदा ती नापास झाली.

"तिसऱ्यांदा पास. आकडा बघा, जवळजवळ शून्य."

चाचांनी कागद लांब धरला, मग जवळ धरला.

"झ्याक हाय. धूर कुठं गेला?"

"बंद केला."

"धूर, का तेल?"

सुहासनं कागद काढून घेतला.

त्या गोळ्याच्या टोकांना थेंब थेंब तेल पाजणारी एक बारीक नळी असते. तेल जळतं, म्हणून थोडा धूर येतो. सुहासनं त्या नळीत स्क्रू ठोकला होता.

"बाई उद्या सोलापूरला निघाल्यात," चाचा म्हणाले. "भणीकडं. एकट्याच."

"परत आल्या की उघडतो नळी."

"परत?"

कोरडं इंजिन सांगोल्याच्या अलीकडेच अडकलं असतं, हे सुहासलाही कळत होतं. पाना डोळ्यांसमोर असताना कळून घ्यायचं नव्हतं, इतकंच.

चाचा रागावतील म्हणून तो वाट बघत राहिला.

"हात दाव बघू," चाचा म्हणाले.

रोज संध्याकाळी रॉकेल आणि धुण्याचा सोडा लावून तो हात घासायचा. चारचौघांत कुणी मिस्त्री म्हणू नये म्हणून. हात गोरेपान झाले होते आणि बोटं भेगाळली होती. एका भेगेतून रक्त येत होतं.

चाचांनी कोनाड्यातली खोबरेल तेलाची बाटली काढली. ते एकेक भेग चोळत बसले. झोंबलं. सुहासनं हात ओढला नाही. चाचांचे हात नखांपर्यंत काळे होते, आणि लोण्यासारखे मऊ.

आपला बापही कधी आपला हात असा घेऊन बसला नव्हता, हे त्याला आठवलं. त्याला फार लाज वाटली.

तो उठला. कागद फाडला. वाकून नळीतला स्क्रू काढला आणि किल्ली फिरवली. निळसर धूर पुन्हा आला.

"झालं," तो पुटपुटला. "आता नापास."

चाचा दार उघडून शेजारच्या सीटवर बसले.

"चल, म्हैसाळला जाऊन येऊ."

"कशाला?"

"जपून जपून गारढोण गाडी नेतोस तपासायला. तिला तापू तर दे की रं."

ते म्हैसाळला जाऊन आले. इंजिन चांगलं तापलं, तशी धुराची निळी रेघ विरळ होत गेली. परतताना गाडी थेट पीयूसी केंद्रावर घेतली.

पास झाली. अगदी काठावर.

सुहासनं नवा कागद दोन्ही हातांनी पुढं केला. तेलाचे डाग त्यावर उमटले होते.

"आधीचा आकडा चांगला होता, चाचा."

"व्हता खरा."

चाचांनी पेटी उघडली. दहा नंबरचा पाना काढला, सदऱ्याला पुसला आणि त्याच्या तेलकट तळव्यावर ठेवून वरून मूठ मिटवली.

सवयीनं सुहास नळाकडे वळला.

"सुहास..."

तो थांबला.

"पलंगाखालची ती पाटी काढ आता. अन् लावताना हात धुऊ नगंस."